हेगड्यांना मिळालेलं पीठ

मला लेखक व्हायचं होतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते खूळ डोक्यातून कसं गेलं, ते चहा संपेपर्यंत सांगतो.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात मी कारकून होतो. माझी कादंबरी अकरा वर्षं टेबलाच्या खणात अर्धवट पडलेली. शेजारच्या टेबलावर धारवाडचे हेगडे. साहित्याचा तो सगळ्यात मोठा पुरस्कार कन्नडला मिळाला, की ते मला पेढा देऊन विचारायचे, "तुमच्या मराठीचं काय?" मराठीला तोवर एकदाच मिळालेला. मी पेढा खायचो.

ऐंशी सालानंतर एकदा ते दारातूनच ओरडले, "मिळालं! आम्हाला पुन्हा ज्ञानपीठ मिळालं!"

चहा वाटणाऱ्या, जवळच्या दिवाळे गावच्या सखूबाई जागीच थांबल्या. "कुठं मिललं पीठ? आमचे गावान लाइट नाय, चार दिस गिरन बंद हाय."

हेगडे वैतागले. "अहो बाई, हे दिल्लीत मिळतं. वर्षातून एकदा, एखाद्यालाच!"

"म्हंजे रेशनपरीस वाईट," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, "साहेब, तुमीबी हाव का रांगेन?"

"आहे," मी म्हणालो. "अकरा वर्षं झाली."

बाईंनी माझ्यापुढं कप ठेवला, खांद्यावर हात ठेवावा तसा.

"मंग आता आमच्यावानी भातच खावा, साहेब."