पाटोडीचा रस्सा आणि मार्तंडरावांची साक्ष

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विणकर समाजाचे वडीलधारे श्रीमान बाबारावजी; त्यांच्या उजव्या हाताला बसलेले, माझ्याआधी एवढा वेळ बोलूनही ताजेतवाने दिसणारे नत्थूजी; ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती मार्तंडरावजी सोनकुसरे; शाकाहार प्रसारक मंडळाचे आजी-माजी सभासद; चिकाच्या पडद्यापलीकडे बसलेल्या माताभगिनी; आणि सतरंजी अपुरी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सज्जनहो, आपणा सर्वांना या रुपरावाचा नमस्कार.

मंडळाच्या कार्यकारिणीनं आजचा कार्यक्रम फार पद्धतशीर आखला आहे. मार्तंडरावजींचे गुण वक्त्यांना आधीच वाटून दिले होते. नत्थूजींकडे औदार्य आलं. बाबारावजी समारोपात वक्तशीरपणा घेतील. वाटणीच्या बैठकीला मला पोहोचायला उशीर झाला, तोवर सत्यप्रियता तेवढी शिल्लक होती. ती मी घेतली. जिल्हा कचेरीत पेशकार म्हणून माझा जन्म साक्षी वाचून दाखवण्यात गेला. रोज इतकी माणसं खरं सांगण्याची शपथ घेताना पाहिली की त्या विषयावर माझं मत फारसं उत्साहाचं राहिलेलं नाही. तरीही एक प्रसंग मला ठाऊक आहे, आणि तो आज सांगणं भाग आहे.

मार्तंडरावजी मान हलवत आहेत, हे मला दिसतं आहे. सकाळी ते मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, “रुपराव, काईबी सांगजा, पन ते नोका सांगू.” मी विचारलं, “ते म्हणजे कोणतं?” ते म्हणाले, “ते.” एवढ्या मोघम हुकुमावर अंमल करणं कुठल्याही पेशकाराला जमायचं नाही. शिवाय उद्या ते जबलपूरला मुलाकडे कायमचे राहायला जाणार. आणि आपल्या महाल वस्तीतल्या गल्लीगल्लीत ही हकिगत निरनिराळी सांगतात. एका आवृत्तीत तर पंगतीत चक्क बोकड शिरतो. तेव्हा ते गेल्यावर भलतंसलतं पसरण्यापेक्षा त्यांच्यासमोरच खरं काय ते सांगून टाकलेलं बरं.

प्रसंग त्यांच्या थोरल्या लेकीच्या, देवकीच्या साक्षगंधाचा आहे. मुलगा उमरेडचा. मुलाचे वडील ईश्वरदासजी, पिढीजात माळकरी. घरात कांदासुद्धा विचारपूर्वक चिरला जातो अशी ख्याती. त्यांची अट एकच होती. मुलगी ज्या घरातून येणार, त्या घराला मटणाचा वारासुद्धा लागलेला नसावा. मार्तंडरावजी आपल्या मंडळाचे अध्यक्ष, गळ्यात तुळशीची माळ. ईश्वरदासजींनी डोळे मिटून होकार दिला. देवकीला मुलगा पसंत होता, हे तिच्या आईनं माझ्या पत्नीला सांगितलं होतं आणि माझ्या पत्नीनं सगळ्यांना.

जेवणाचं काम जनाबाईंना दिलं; रस्सा तेवढा त्यांनी घरून करून आणायचा होता. जनाबाईंना कोण ओळखत नाही? गिरणीचं कापड स्वस्त झालं आणि त्यांच्या यजमानांचा माग धूळ खात पडला, तेव्हा या बाईनं घराच्या ओसरीवर खानावळ काढली. आपल्या समाजात मटणाची आवड किती आहे हे मी या मंडळाच्या व्यासपीठावरून सांगू इच्छित नाही. एवढंच सांगतो की जनाबाईंच्या एका चुलीवर मटण शिजायचं आणि ते कधी उरायचं नाही. दुसरी चूल माळकऱ्यांची. भांडी वेगळी, पळ्या वेगळ्या, पाणीसुद्धा वेगळ्या घागरीतलं. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे एकच होती, आणि ती म्हणजे काळा मसाला. खोबरं, खसखस, दगडफूल असं सगळं भाजून पाट्यावर वाटलेला. तो मसाला बेसनाच्या पाटोडीच्या रस्स्यात पडला की डोळे मिटून खाणाऱ्याला वाटावं, हे भलतंच काही आहे. उमरेडच्या माळकऱ्यांकडे पाटोडी करतात, पण ती बिचारी साध्या फोडणीची. हा फरक मार्तंडरावजींनी व्याह्यांना आधी सांगायला हवा होता. आनंदाच्या भरात राहून गेलं.

दुपारची पंगत बसली. श्लोक झाला. ईश्वरदासजींनी पोळीचा तुकडा रस्स्यात बुडवला, तोंडात घातला आणि चावता चावता थांबले. सगळी पंगत त्यांच्याकडे पाहून थांबली. त्यांनी घास गिळला. थुंकला नाही, गिळला, याची कृपया नोंद घ्यावी. मग पान पुढे सरकवून म्हणाले, “मार्तंडराव, हे मटन हाय.”

श्रोतेहो, आपल्याकडे व्याही भरल्या पानावरून उठला की सोयरीक मोडली, हे मी आपल्याला काय सांगावं? आणि ती कुठल्या कारणानं मोडली हे एकदा गावात पसरलं, की पुढचं स्थळ यायचं कुठून? दारात देवकी उभी होती. हिरव्या लुगड्याचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता आणि ती वडिलांकडे पाहत होती.

मार्तंडरावजींनी जनाबाईंना बोलावणं पाठवलं. त्या मागच्या अंगणात भात उपसत होत्या, तशाच आल्या. ज्यानं माल मागवला त्यानं तक्रार करायची, हा जगाचा रिवाज. पण तक्रार काय आहे हे मार्तंडरावजींच्या तोंडून बाहेर पडेना. “जनाबाई,” ते म्हणाले, “हे... यायचं म्हननं असं हाय का...” आणि घसा खाकरत राहिले. शेवटी ईश्वरदासजींनीच सांगितलं.

जनाबाईंनी पानातली पाटोडी उचलली, सगळ्यांसमोर मोडली आणि आतलं पिवळं बेसन दाखवलं. “हे मटन हाय काय?”

“मटन आतून कसं राह्यते, आमाले काय ठाऊक?” ईश्वरदासजी म्हणाले. मग शेजारच्या पानावरच्यानं जनाबाईंच्या दोन चुली कानात सांगितल्या, तेव्हा म्हणाले, “वड्या बेसनाच्या असतीन. रस्सा मटनाचा हाय. भांडं बदललं तुमचं.”

साक्षीदार उलटतपासात असाच एक पाऊल मागे सरकतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पण ही सरक मोठी हुशारीची होती. वडी मोडून दाखवता येते, रस्सा मोडून दाखवता येत नाही.

मग पंगतीतल्या समजूतदार मंडळींनी तोडगा काढला. प्रत्येक भांडणात अशी मंडळी असतात आणि त्यांचा तोडगा नेहमी सर्वांत गरीब माणसाच्या खर्चानं निघतो. ठरलं असं, की जनाबाईंनी भांडं बदलल्याचं कबूल करून माफी मागावी. रस्सा गाईच्या गोठ्यामागे ओतावा. व्याह्यांनी दही-भात खावा. साक्षगंध होऊन जाईल, लेकीचं कल्याण होईल. जनाबाईंचं काय जातं? दोन शब्द बोलायचे.

काय जात होतं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. मटण खाणारा रोज दारात येत नाही. पण माळकऱ्यांची लग्नं, बारशी, एकादशीची पारणी, यांवर त्यांचं वर्ष निघायचं. माळकऱ्याच्या पानात मटणाचा रस्सा वाढणारी बाई, असं एकदा नाव झालं तर महालातल्या कुठल्या घरानं तिला पुन्हा बोलावलं असतं? यजमान खोकल्यानं अंथरुणाला खिळलेले. माग बंद. दुसरी चूल विझली असती तर त्या घराला काही उरलं नसतं.

“मी नाही मानत,” त्या म्हणाल्या. “भांडं बदललं नाही तं काहून मानू?” मग त्यांनी ईश्वरदासजींकडे पाहून असा प्रश्न विचारला, की कचेरीत मी इतकी वर्षं काढली पण इतका सरळ प्रश्न कुठल्या वकिलानं विचारलेला ऐकला नाही.

“तुमाले कसं कळलं गा, का हा मटनाचा रस्सा हाय?”

ईश्वरदासजी म्हणाले, “वासावरून.”

“आन् तो वास तुमाले कुठचा ठाऊक?”

यावर उमरेडनं पाण्याचा पेला उचलला. तेव्हा जनाबाई पंगतीकडे वळल्या. “इथं कोनी हाय काय, ज्यानं मटनाचा रस्सा चाखला हाय? त्यानं हा चाखावा अन् सांगावं.”

सज्जनहो, त्या पंगतीत आपल्या मंडळाचे बहुतेक सभासद होते. आज या सभागृहातही आहेत. त्या क्षणी सगळ्यांना आपापल्या पानात फार महत्त्वाचं काही सापडलं. एक गृहस्थ मीठ पाहत होते. एकांना जुनी दाढदुखी सुरू झाली. मी काय केलं, असं कुणी विचारील, म्हणून सांगून ठेवतो: मी डाव्या पंगतीच्या टोकाला होतो आणि तिथून प्रश्न नीट ऐकू येत नव्हता.

जनाबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातातली मोडकी पाटोडी तशीच होती. बाई रडणारी नाही; त्या पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत गेल्या. एवढ्या जेवणाऱ्यांत आपल्या बाजूनं बोलणारं एक माणूस नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

तेव्हा मार्तंडरावजी उठले.

त्यांनी वाटी उचलली, रस्स्याचा एक घोट घेतला, सावकाश. मग म्हणाले, “मी खाल्लं हाय मटन.”

मीठ पाहणाऱ्या गृहस्थांनी मान वर केली.

“माळ घालायच्या आंधी. कामठीच्या छावनीत लुगडे-धोतरं इकाले जात होतो, तवा. एकडाव नाही, लय डाव. मटनाच्या रस्स्याले मांगून एक गोडी येते. याले ते नाही.” इथं थांबून बसले असते तरी चाललं असतं. पण ते पुढे म्हणाले, “ते गोडी मले आजबी याद हाय. म्हनून सांगून राह्यलो.”

मंडळाचे अध्यक्ष हे बोलत होते. माळेवर हात होता. आणि बोलताना त्यांची नजर एकदा दाराकडे, देवकीकडे गेली. ती नजर मला अजून विसरता आलेली नाही. गप्प राहिले असते तर लेकीचं लग्न होत होतं. खरं बोलून त्यांनी ते आपल्या हातानं पणाला लावलं होतं, कारण व्याह्यांची एकमेव अट आता भर पंगतीत मोडली होती.

ईश्वरदासजींनी एक गुडघा उचलला. मार्तंडरावजी त्यांना म्हणाले, “तुमाले उठाचं असन तं उठा, व्याही. तुमचा हक हाय. पन या बाईचं नाव घेऊन उठू नोका. माहं घ्या.”

तो गुडघा तसाच अधांतरी राहिला. आणि मग बायकांच्या बाजूनं आवाज आला. मुलाच्या आईचा, जिजाबाईंचा. तोवर त्यांचा आवाज आम्ही कुणी ऐकलाच नव्हता.

“बसा तुमी,” त्या यजमानांना म्हणाल्या. “मटनाचा वास तुमच्या वळखीचा कसा, हे मी इचारलं काय? बसा अन् जेवा.”

ईश्वरदासजी बसले. जेवले. रस्सा दोनदा घेतला. साक्षगंध झालं, पुढे लग्न झालं. देवकीबाई आज उमरेडहून आल्या आहेत, त्या पडद्यामागून मला हे सगळं बोलल्याबद्दल काय म्हणतील ते नंतर कळेलच.

मार्तंडरावजींनी दुसऱ्याच दिवशी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मंडळाची बैठक भरली. राजीनामा मंजूर करायचा तर ठरावात कारण लिहावं लागणार, आणि ते कारण लिहिलं तर ते आणखी कुणाकुणाला लागू पडतं याची चौकशी करावी लागणार, असा मुद्दा निघाला. सर्वांनी गंभीरपणे विचार केला आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. तो अजून पुढच्या बैठकीवरच आहे. त्यामुळे आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत ते आपले अध्यक्षच आहेत.

एक शेवटचं. त्या दिवशी पंगती उठल्यावर अंगणात भांडी घासली जात होती. जनाबाई मार्तंडरावजींना म्हणाल्या, “भाऊ, लेकीची सोयरीक मोडली असती तं?” ते म्हणाले, “तं मोडली असती. मी रडलो असतो. पन तुमच्या दारावरून मान खाली घालून तं जावं लागलं नसतं.” मी शेजारीच हात धूत होतो. मी ऐकलं, आणि मला माझ्या शेजाऱ्याचा फार अभिमान वाटला. तो मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही. मार्तंडरावजी, आज दाखवतो आहे. तुम्ही नसल्यावर या गल्लीत मला करमणार नाही.

अध्यक्षमहाराजांनी बोलण्याची संधी दिली आणि मधेच घंटी वाजवण्याचा मोह आवरला, याबद्दल त्यांचे आभार. आपण सर्वांनी एवढं ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलण्यात कुणाचं नाव निसटलं असेल, किंवा निसटायला हवं होतं ते निसटलं नसेल, तर या म्हाताऱ्याला क्षमा असावी. फराळाची व्यवस्था मागच्या अंगणात आहे आणि स्वयंपाक जनाबाईंचा आहे. रस्स्याची चव कुणाला ओळखीची वाटली, तर त्यानं ती गोष्ट मंडळाच्या हितासाठी आपल्यापाशीच ठेवावी, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.