दोघींच्या घरातलं त्रिभाजन

सन्माननीय अध्यक्ष कृष्णाजीराव, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण बसवनगुडीच्या या सभागृहात जमलो त्या राजलक्ष्मीअक्का आणि कौशल्याअक्का, आणि बंधुभगिनींनो,

मंडळाचा मराठी वर्ग या दोघी बहिणींनी चालवला. इथूनच त्या देवनहळ्ळीला, मावसभावाकडे कायमच्या राहायला निघाल्या आहेत. त्यांचं कौतुक पाहुण्यांनी केलंच. मी त्यांच्या एका शब्दाविषयी बोलणार आहे.

त्रिभाजन. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही, पण संस्कृत धातू घरी बसून पाठ केलेत. ‘भज्’ म्हणजे वाटणे. त्यावरून भाग, विभाग, भाजन; इतकंच काय, आपला भातसुद्धा ‘भक्त’ या शब्दावरून आला, म्हणजे वाटून दिलेलं अन्न. तेव्हा त्रिभाजन म्हणजे तीन वाटे करणं. मग मला सांगा, दोघींच्याच घरात रोज भात परातीत काढला की थोरल्या अक्का ‘कौशल्या, त्रिभाजन कर’ असं का म्हणतात?

तिसरा वाटा धाकट्या भावाचा, विठोजीचा. एक्कावन्न साली तो भरल्या पानावरून रुसून उठला, तो परतला नाही. या घराण्याची रीत अशी, की माणूस गेल्याची खबर येईपर्यंत त्याचा वाटा मोडायचा नाही. खबर आलीच नाही.

आज दुपारी मी मदतीला गेलो, सामान बांधून झालं, पण राजलक्ष्मीअक्का हलेनात. ‘आम्ही गेल्यावर तो उपाशी आला तर?’

मी म्हटलं, ‘अक्का, आज दोनच वाटे करा आणि मोकळ्या व्हा.’

‘तुम्हीच करा की, पंडित!’ कौशल्याअक्का म्हणाल्या. ‘एवढे धातू उचलता, भात स्वल्प जड जातो काय?’

मी भातवाढीनं मधोमध एकच रेघ ओढली. दोन ढीग. माझ्या हातचं माप चुकत नाही. मोरीवर हात धुऊन वळलो, तर परातीत तीन ढीग, सारखेच. दोघी पाटावरच होत्या. बोटं कोरडी, एक शीत चिकटलेलं नाही. मी वाकून पाहिलं. कडेचे दोन गार झाले होते. मधल्यातून वाफ निघत होती.

‘सरी,’ कौशल्याअक्का कानडीत होकार भरत हळूच म्हणाल्या, ‘म्हणजे येतोय आपल्याबरोबर.’

राजलक्ष्मीअक्कांनी डोळे पुसले आणि घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. एक उणीव मात्र मंडळाची आहे, आणि तिची क्षमा मी या दोघींच्या मधल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मागतो. आम्ही शाली दोनच आणल्या. माझ्या खांद्यावरची ही घ्यावी.