पायलीतली हवा

चूक पूर्णपणे मोठ्या काकाची होती, हे आधीच सांगतो. मागून कोणी आचाऱ्याचं नाव घेऊ नये. ताईच्या हट्टापायी तिच्या साक्षगंधात पास्ता ठेवला होता. आचारी म्हणाला, "दहा किलो काढा." गावात कोणाच्याही कार्यात तांदूळ मोजायचा मान काकाचा. त्यानं पोत्यात तीन-साडेतीन किलो तांदूळ मावणारी पायली घातली, तीनदा भरून ओतली आणि हात झटकले. "झाले दहा किलो. उरलेलं पोतं दुकानात वापस करा."

मी म्हटलं, "काका, हे तांदूळ नाई. पोकळ नळ्या आहेत, पायलीत अर्धी हवाच भरून राह्यले तुम्ही. काट्यावर ठेवा."

"बारावी सोडलेलं पोट्टं मले माप शिकवते! माह्या बापानं याच पायलीनं गाव जेवू घातलं."

"तुमच्या बापानं पास्ता मोजला होता काय?"

बाबांनी डोळे वटारले. पण पाहुणे येऊन बसले होते, आणि जेवण कमी पडलं असतं तर ताईला जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी सोयाबीन तोलायचा वजनकाटा ओढत मांडवात आणला आणि काकानं मोजलेला पास्ता सगळ्यांसमोर त्यावर ठेवला. साडेचार किलो.

ताईचे होणारे सासरे पोट धरून हसले. "काऊन भाऊ, आमच्या पोरांले हवा चारता काय?"

पोतं पुन्हा उघडलं. पास्ता सगळ्यांना पुरला, काकानं स्वतः दोनदा घेतला. पुढच्या महिन्यात शेजारच्या लग्नात तांदूळ मोजायला मला बोलावलं. काकाचा मान गेला.