पिवळी नळी

"एवढी लांब नळी कशाला गो? पाण्याखाली काय कलमं शिंपायचीत?"

रत्नागिरी स्टँडवर पूर्णगडच्या गाडीची वाट बघत बसलेल्या भागोजीने मान वर केली. शेजारच्या बाकावर एक पोरगा आणि त्याची होणारी बायको, मांडीवर स्कूबा डायव्हिंगच्या हवेच्या दोन पिवळ्या नळ्या घेऊन भांडत होती.

"अनिश, ही जादाची नळी आहे. जोडीदाराची हवा संपली तर त्याच्या तोंडात द्यायची."

"मला नको शिकवूस. ठाऊक आहे."

"मग तुझी आखूड का आणलीस?"

"लांब नळी लोंबते. व्हिडिओत ध्यान दिसतं."

"आणि उद्या खाली माझी हवा संपली तर?"

"यायचं चिकटून. लग्न ठरलंय आपलं, त्यात लाजायचं काय?"

"बरं. तुझ्या नळीचं हे टोक पाठीशी धर, तिथे सिलिंडर आहे समज. आता दुसरं माझ्या तोंडात दे."

"उर्वी, लोक बघतायत."

"तिकडे मासे बघतील. दे म्हणते ना!"

"आई गं! ओढू नकोस, मान मोडशील माझी!"

भागोजीने हसू लपवायला रुमाल तोंडाला लावला.

"बघितलंस? नुसतं शेजारी बसूनसुद्धा पुरत नाही. जा, दुकान उघडं आहे अजून, बदलून आण."

"पण तुझी लांब आहे ना?"

"आहे. मग?"

"मग माझी हवा संपली तर पुरेल की! उगाच कशाला टेन्शन घेतेस?"

"आणि माझी संपली तर, अनिश?"

"ती बघ, गाडी लागली. चल, आपल्याला आता निघायला हवं."