पट्ट्याचं खोचलेलं टोक

नाव: दाखल्यावर काहीही असो, सगळे शिसेमामा म्हणतात. वय: ६८. काम: डायव्हिंग शिकवणाऱ्या शाळेत कमरेच्या पट्ट्यांत शिशाची वजनं बसवणे. राहणार: शाळेमागची खोली.

समक्ष हजर राहून सांगतो की, मयत ही माझी सख्खी भाची, वय ३१, त्याच शाळेत शिकवत होती. आई गेल्यापासून ती माझ्याकडेच वाढली.

काल सकाळी आठ वाजता ती नवा जाड सूट घालून आली. जाड सूट माणसाला वर उचलतो, म्हणून तिला हौदात उतरवून वजन पाहिलं. साधा श्वास धरल्यावर पाणी डोळ्यांपाशी यायला हवं. ते हनुवटीखालीच राहिलं. मी दोन किलो वाढवलं. ती म्हणाली, "मामा, बुडवायचा विचार आहे का?" मी म्हणालो, "तुझ्या जिभेचं वजन अजून धरलंच नाहीये."

पट्टाही नवा होता. टोक दोन वीत उरलं. कोऱ्या पट्ट्याला कात्री लावायला माझा जीव झाला नाही. लोंबतं टोक मी दुमडून पट्ट्याखाली खोचलं. ती लहान असताना तिच्या वेणीची रिबीन अशीच खोचायचो. टोक मोकळं ठेवायचं, हे बावीस वर्षं मीच सगळ्यांना बजावतो. खोचलेलं असलं की बकल उघडूनही पट्टा गळून पडत नाही.

मग शिकाऊंना घेऊन आम्ही बोटीनं समुद्रात गेलो. साडेदहाला एका शिकाऊ बाईंचा पाण्यातला चष्मा तळाशी पडला. तो आणायला भाची एकटीच पुन्हा उतरली. तिच्या पाठीवरच्या टाकीत हवा थोडी उरली होती. हवा संपली की वर उचलणारं जॅकेट फुगत नाही, मग वजनाचा पट्टा टाकून वर यायचं असतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिला बोटीवर घेतली. चष्मा तिच्या मनगटात अडकवलेला होता.

शाळेचे मालक म्हणतात, ती घाबरली, तिनं बकल उघडलंच नाही. हे खोटं आहे. पट्टा मी माझ्या हातानं काढला. बकल उघडंच होतं. टोक मी खोचलं होतं तिथंच होतं. तिच्या उजव्या हाताची दोन नखं तुटली होती.

हवालदारसाहेब म्हणाले, "मामा, हे तुमच्यावर शेकेल." मी म्हणालो, "शेकू दे. शिकवलेलं सगळं पोरीनं बरोबर केलं होतं, एवढं लिहा."

जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात 'चुकून खोचलं' असं आलं होतं. 'चुकून' हा शब्द मी खोडायला लावला. बाकी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. टोक घट्ट बसलंय का, ते मी दोनदा ओढून पाहिलं होतं.