शेवटच्या पानावरचे चार सेकंद

दुरुस्तीवाली : …झालं काका! शंभर टक्के. एकोणीस वर्षांचा संसार जुन्या मशीनमधून नव्यात हलवला, एक कपबशी फुटली नाही.

काका : फुटली असती तर मला ऐकू आली असती.

दुरुस्तीवाली : आली असती, खरंच. सकाळी मी जिन्यातच होते, तर वरून विचारलंत, डबा आणलायस का म्हणून.

काका : पिशवीत चमचा वाजत होता.

काकू : शेजारच्यांची भांडणंही ऐकतात. वर निकाल देतात.

दुरुस्तीवाली : काय म्हणालात काकू? ऐकू नाही आलं.

काका : तिचा आवाज आता एवढाच आहे. आठ महिन्यांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं. खुर्ची जरा पुढे घे, मग येईल ऐकू.

दुरुस्तीवाली : सॉरी हं काकू. मला माहीत नव्हतं.

काकू : सॉरी कशाला? मला ओरडता येत नाही, यांची चंगळ झालीय.

काका : बोलणारा प्रोग्राम जुनाच घातलास ना? मला दिसत नाही, स्क्रीनवरचं सगळं तोच वाचून दाखवतो. दुसरा आवाज चालणार नाही.

दुरुस्तीवाली : जुनाच घातला, काका. नव्या मशीनला तो पचता पचेना, तीन तास खाल्ले त्यानं. आता किती गोड गोड आवाज निघालेत, पण तुम्ही ऐकाल तर शपथ. घ्या, केला सुरू… अहो, बंद करा, बंद करा! बिघडलाय! डब्यात खडे घालून हलवल्यासारखा वाजतोय!

काका : बिघडलेला नाही. माझा वेग आहे तो.

दुरुस्तीवाली : म्हणजे हे शब्द आहेत?

काका : तो म्हणाला, एकशे चाळीस फोल्डर आहेत, पहिल्याचं नाव 'कच्चं वाचन', त्यात तीनशे बारा फाइली. आणि घड्याळात पावणेपाच वाजलेत. ते बाकी चुकलंय, तुझ्या मशीनचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे.

दुरुस्तीवाली : पुन्हा लावा. … छे! एक अक्षर कळेल तर शपथ. काका, बारा वर्षं झाली मला या धंद्यात. हजारभर मशिनं तरी उघडली असतील. पण असं ऐकणारा माणूस नाही पाहिला. हे बघा, काटा आला अंगावर. म्हणजे… हात लावून बघा.

काका : कळलं तुझ्या आवाजावरून.

काकू : जुनं मशीन घरात आलं तेव्हा मी दुपारी झोपायची आणि दचकून उठायची. वाटायचं, घरात कुणीतरी तिसरं शिरलंय आणि यांच्याशी तावातावानं भांडतंय.

दुरुस्तीवाली : पण काका, या एवढ्या आवाजाच्या फाइली कसल्या? विचारू नये, पण दिवसभर त्याच उचलतेय म्हणून विचारते.

काका : बोलकी पुस्तकं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी लोक घरी बसून वाचून देतात. मी ते साफ करतो. खोकला, खुर्चीची कुरकुर, दारावरची घंटा, चुकून दोनदा वाचलेली ओळ, सगळं काढायचं. वाचनालय माझ्याकडून घेतं. सोमवारी एक द्यायचंय. हिचं.

दुरुस्तीवाली : काकूंचं?

काकू : चाळीस पुस्तकं वाचली मी. हे एकेचाळिसावं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात संपवलं.

काका : खोकत खोकत. सगळे खोकले काढले मी, एक तेवढा राहिलाय. अगदी शेवटच्या पानावर. ऐक.

दुरुस्तीवाली : थांबा, थांबा!

काकू : काय झालं ग?

दुरुस्तीवाली : हा आवाज तुमचा आहे?

काकू : होता.

दुरुस्तीवाली : काकू! अहो, दुधावरची साय आहे ही! मी जन्मात कधी पुस्तक हातात धरलं नाही, पण हे असं कुणी वाचलं तर मी जेवण सोडून बसेन.

काका : पहिल्या पुस्तकात दोनशे अकरा चुका केल्या होत्या तिनं.

काकू : ऐकलंस? एकेचाळीस पुस्तकं झाली, पण 'बरं वाचलंस' म्हणून एकदा तोंडातून निघालं नाही यांच्या. चुका मात्र मोजून.

काका : चुका काढणं हेच माझं काम. कौतुक करायला वाचनालय आहे.

दुरुस्तीवाली : तो खोकला कापून टाका की मग. दोन टोकं जोडली की संपलं.

काका : जोडतो. ऐक कसं लागतं ते.

दुरुस्तीवाली : अं… एक वाक्य दुसऱ्याच्या अंगावर धावून गेलं.

काका : बरोबर. त्या जागी ती चार सेकंद थांबली होती. पुस्तकातला म्हातारा घराचं दार लावतो, आणि मग शेवटचं वाक्य येतं. तिथे थांबायलाच हवं. आता मी चार सेकंद कोरी शांतता घालतो. मशीनची.

दुरुस्तीवाली : अगं बाई! लाइट गेल्यासारखं वाटलं. काकू एकदम खोलीतून नाहीशाच झाल्या.

काका : ते भोक आहे. माणूस गप्प बसतो तेव्हा त्याचा श्वास असतो, मागे खोली असते, कपड्यांची सळसळ असते. प्रत्येकाचं गप्प बसणं निराळं.

दुरुस्तीवाली : गप्प बसण्यावरून माणूस ओळखता तुम्ही?

काका : बोलण्यावरून कधी फसतो. त्यावरून नाही. म्हणून जे कापतो ते मी फेकत नाही. श्वास, उसासे, मध्येच थांबलेल्या जागा, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवतो. भोक पडलं की त्याच माणसाचा तुकडा तिथे बसवायचा. या पुस्तकात ती एवढी दुसरीकडे कुठे थांबलेली नाही, पण हिचे जुने तुकडे खूप आहेत. त्यातला एक लावला की काम फत्ते. फोल्डरचं नाव 'तुकडे'. खालून दुसरं असतं… नाही. तिसरं… हेही नाही. पोरी, 'तुकडे' कुठे ठेवलंस?

काकू : हिच्या तोंडचं पाणी पळालं हो.

दुरुस्तीवाली : काका… त्या अकरा हजार फाइली ना? एकीला धड नाव नाही, नुसते आकडे. कुठली अर्धा सेकंद, कुठली दोन. मला वाटलं, मशीन मध्येच बंद पडतं तेव्हा असा चुरा उरतो, तो साचलाय. म्हटलं, नव्या घरात जुना केर कशाला न्यायचा. मी त्या घेतल्याच नाहीत.

काकू : अहो, उठू नका असे. पोरीला आधी बोलू दे.

दुरुस्तीवाली : पुसल्या नाहीत हं काका! जुन्यात आहेत अजून, जशाच्या तशा. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तसं केलं मी. थांबा, आत्ता लावते जुनं मशीन. हे बघा, दिवा लागला… हा टक-टक आवाज कसला?

काका : बंद कर. आधी बंद कर!

दुरुस्तीवाली : केलं. केलं.

काका : आतला काटा अडकतोय. तीन महिने ऐकतोय मी, म्हणून तर तुला बोलावलं. सकाळपासून चालवून तापलंय ते. डाव्या कुशीवर आडवं कर आणि अर्धा तास हात लावू नकोस. गार झालं की उठतं.

दुरुस्तीवाली : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

काका : त्यानंच.

काकू : चहा टाकते. तू रडू नकोस ग. माझ्या हातून तर एकदा यांचं अख्खं पुस्तक पुसलं गेलं होतं.

काका : सहावं. चौदा अध्याय. ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसली, आणि दुसऱ्यांदा जास्त चुका केल्या.

दुरुस्तीवाली : काकू, तुम्ही राहता कशा हो यांच्याबरोबर?

काकू : ऐकणारा नवरा किती जणींना मिळतो, सांग बरं.

काका : चहा घे आता. नुसती ढवळत बसलीयस. झाला अर्धा तास. लाव मशीन.

दुरुस्तीवाली : लावते… उठलं! काका, उठलं! हे 'तुकडे', दिसतंय मला. पण हे किती दम धरेल सांगता येत नाही. सगळंच हाती लागेल असं नाही. आधी कुठले घेऊ?

काका : सात हजार दोनशेपासून शेवटपर्यंत. ते हिचे.

दुरुस्तीवाली : आकड्यानिशी पाठ आहे?

काका : एक ते नऊशे मास्तरांचे, त्यांचा श्वास मिशीतून येतो. तिथून दोन हजार शंभरपर्यंत पोस्टातल्या बाई. त्या पान उलटताना बोटाला थुंकी लावायच्या, तेही आहे. मग नर्स. ती रात्रपाळी करून यायची आणि वाचता वाचता जांभई गिळायची. मग दोघे भाऊ, मग शिंपी.

दुरुस्तीवाली : देवा. आणि मी याला चुरा म्हटलं! ही सगळी माणसं अजून वाचतात तुमच्यासाठी?

काका : शिंपी वाचतो. बाकीची गेली.

दुरुस्तीवाली : गेली म्हणजे…

काका : गेली.

काकू : मग आधी त्यांचे घे, बाळ. एकपासून घे.

काका : अगं, सोमवारी पुस्तक द्यायचंय! तुझं शेवटचं आहे. ते असं भोक ठेवून मी देणार नाही.

काकू : मी मेले नाही अजून. मास्तरांचा श्वास कुठून आणणार तुम्ही? त्या नर्सची जांभई कोण देणार? त्यांच्या घरच्यांकडेही नसेल ती.

काका : तुझेही पुन्हा मिळणार नाहीत.

काकू : माझा आवाज गेला. श्वास इथेच आहे, तुमच्या शेजारी बसलाय.

दुरुस्तीवाली : काका, मशीन तापतंय. मी कुणाचं ऐकू?

काका : …तिचं ऐक. या घरात मीही तेच करतो.

दुरुस्तीवाली : एकपासून लावलं. चाललंय… सातशे. नऊशे.

काका : मास्तर आले.

दुरुस्तीवाली : दोन हजार. दोन हजार शंभर… पस्तीसशे… काका, तुम्ही हात का जोडलेत?

काका : माणसं येतायत आत.

दुरुस्तीवाली : असं बोलू नका हो. पाच हजार. साडेसहा. सात हजार… सात हजार दोनशे! काकूंचे सुरू झाले! दोनशे दहा, दोनशे वीस… चल राजा, चल, थोडं राहिलंय… दोनशे एकतीस. अडकलं. पुन्हा टक-टक करतंय.

काका : आता तो आवाज वेगळा आहे. बंद कर त्याला. संपलं ते.

दुरुस्तीवाली : पुन्हा गार करू. तास थांबू, दोन तास थांबू…

काका : नाही उठायचं. चांगलं चाललं एकोणीस वर्षं. राहू दे.

दुरुस्तीवाली : पण काकूंचे एकतीस आलेत ना! त्यातला एक लावा.

काका : पहिल्या पुस्तकातले आहेत ते. ऐक. ही बाई धावत जिना चढून आलीय, आणि तिला हसू येतंय. शेवटच्या पानावर हिला कसं बसवू? म्हाताऱ्यानं दार लावलंय तिथे.

दुरुस्तीवाली : चूक माझी. मी सकाळीच घेतलं असतं तर…

काकू : माइक कुठे ठेवलाय?

काका : कपाटात, खालच्या खणात. फडक्यात गुंडाळलाय. का?

काकू : काढ ग तो, बाळ.

काका : आठ महिने तू त्याच्यापुढे बसली नाहीस. असल्या घोगऱ्या आवाजात मी वाचणार नाही म्हणालीस.

काकू : नाहीच वाचणार. गप्प बसायला आवाज कशाला लागतो?

काका : तुला गप्प बसता येतं? तीस वर्षांत मी तरी ऐकलं नाही.

काकू : मग आज ऐका. ते दार लावण्याचं वाक्य लावा माझ्या कानात. कुठवर आले होते ते कळू दे.

काका : पोरी, खिडकी लाव. पंखा बंद. नवं मशीनही लांब सरकव, त्याचा पंखा मला आवडलेला नाही. आणि तुझ्या खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवून ये.

दुरुस्तीवाली : ठेवल्या. काका… मी श्वास घेऊ का?

काका : चारच सेकंद आहेत. नको घेऊस. हं, वाक्य लावतो. ते संपलं की तू.

(चार सेकंद कुणीच बोलत नाही.)

काका : मिळालं.

दुरुस्तीवाली : एवढंच? बसेल ते?

काका : बसवलंसुद्धा. आता शेवटचं पान सलग लावतो. कुठे जोडलंय ते सांग.

दुरुस्तीवाली : … दार लावलं त्यानं. … काकू थांबल्या. … आणि हे शेवटचं वाक्य. काका, नाही सापडत! मला ठाऊक आहे कुठे आहे, तरी नाही सापडत. आठ महिने मध्ये गेलेत, मशीन गेलं, आवाज गेला, आणि काकू आपल्या तिथेच बसल्यात त्या दाराशी.

काकू : मलाही कळलं नाही कुठे जोडलंय ते. म्हणजे पुस्तक मी आज संपवलं म्हणायचं.

काका : आज. चार सेकंद वाचलंस. एकही चूक नाही.