कॉम्प्युटरची म्होरकी

आजकालच्या पोरी वाकत नाहीत म्हणता? ऐका. धाकट्या भावाची मुलगी अकोल्याला इंजिनिअरिंग शिकते. परवा ती घरीच बनवलेला कॉम्प्युटर डोक्याला बांधून आमच्याकडे अमरावतीला आली. डोळ्यापुढं इवलासा पडदा, कमरेला बॅटरी. दारात ताठ उभी.

"पाया पडाची रीत विसरली काय?" मी विचारलं.

"मोठेबाबा, वाकली तं हे पडते. फुटलं तं उद्या कॉलेजात काय दाखवू?"

मी दोरी घेतली आणि बैलाला बांधतो तशी म्होरकी कानामागून, हनुवटीखालून आवळली.

"मी काय बैल हाये?"

"बैल दिवसभर मान खाली घालून चरते. त्याची म्होरकी पडते काय?"

ती भीत भीत वाकली. पडलं नाही. मग वाकूनच डोकं गदागदा हलवत राहिली.

"ऊठ आता," मी म्हणालो, "आशीर्वाद कवाचाच देला."